आरे-वारेच्या चढावर: डिझेल की पेट्रोल?

रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघाले की वाटेत आरे आणि वारे ही जोडगावे लागतात. दोघांच्या पुळणी शेजारी शेजारी आहेत आणि मध्ये डोंगराची एक सोंड समुद्रात उतरली आहे. रस्ता त्या सोंडेवर चढतो. माथ्यावर आले की दोन्ही किनारे आणि त्यांच्यामागची सुरूची झाडे एकाच नजरेत मावतात. येथे सहसा कोणी न थांबता पुढे जात नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हीही थांबलो, पण देखावा पाहण्यासाठी नव्हे. चढावर आमच्या डिझेल गाडीच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला होता. आमच्याबरोबर रत्नागिरीतील एक शिक्षक मित्र त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीने येत होते. ती गाडी मागून आली आणि काही कुरकूर न करता शेजारी उभी राहिली. सरांना त्याच महिन्यात नवी गाडी घ्यायची होती. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्जही तयार होता. त्यांचा विचार पक्का होता : "डिझेल गाडी दणकट असते आणि चालवायला स्वस्त पडते." आमच्या फलकावरचा दिवा पाहून ते म्हणाले, "तुमची गाडी तर अजून नवी आहे. मग हे काय?"

हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना उष्णतेचे शास्त्र, थोडे रसायन आणि बरेचसे अंकगणित लागते. वर्गात शिकवण्याजोगे असे उदाहरण सहज मिळत नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहोत.

ठिणगीवाचून आग

सायकलचा पंप घ्या, त्याचे तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दांडा जोरात आठ-दहा वेळा खाली-वर करा. पंपाचे खालचे टोक गरम लागते. यात घर्षणाचा वाटा थोडा असतो, पण मुख्य कारण वेगळे आहे. हवा झटकन दाबली की दाबण्यासाठी केलेले काम तिच्या उष्णतेत जमा होते.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने हेच तत्त्व इंजिनात आणले. १८९२ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ साली त्याचे इंजिन आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये फक्त हवा ओढली जाते. दट्ट्या ती हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतकी दाबतो. ३० अंश सेल्सिअसची हवा इतकी दाबली की तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. डिझेल मात्र सव्वादोनशे अंशांच्या आसपासच आपोआप पेट घेते. तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ठिणगीची गरजच उरत नाही.

पेट्रोल इंजिनात साधारणपणे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून ते दाबतात आणि ठिणगीने पेटवतात. हे मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता भलत्याच वेळी पेटते आणि इंजिनात ठोके बसू लागतात. म्हणून पेट्रोल इंजिनात सर्वसाधारणपणे दहा-बारा पटींच्या पुढे जात नाहीत. जितके जास्त दाबावे तितके पेटल्यानंतरचे प्रसरण मोठे, आणि जितके प्रसरण मोठे तितकी उष्णतेतून जास्त कामगिरी निघते. डिझेलच्या काटकसरीचे पहिले कारण हे.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. पेट्रोलच्या ज्वलनासाठी १ किलो इंधनाला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळावे लागते. गाडी हळू चालवायची म्हणजे इंधन कमी द्यायचे, आणि इंधन कमी द्यायचे तर हवाही कमी द्यायला हवी. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप असते. ती अर्धवट मिटली की इंजिनाला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढून पाहा. हाताला जो विरोध जाणवतो, तो पेट्रोल इंजिनाला प्रत्येक फेरीत सोसावा लागतो. डिझेल इंजिनात हवा जवळजवळ मोकळेपणाने आत येते आणि फक्त फवाऱ्यातले इंधन कमीजास्त केले जाते. म्हणून गावातून हळू जाताना दोघांमधला फरक वाढतो, तर भर चढावर, झडप पूर्ण उघडी असताना, तो कमी होतो.

लीटरची गंमत

आता इंधनाकडे वळू. एक लीटर पेट्रोल जाळले तर सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लीटर डिझेलमधून सुमारे ३६ मेगाज्यूल. वजनाने पाहिले तर किलोमागे दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे. मग लीटरमागे फरक का? कारण डिझेल अधिक घन आहे. एक लीटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते, तर डिझेल सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम. म्हणजे डिझेलची बाटली घेताना आपण बारा टक्के अधिक ऊर्जा घेत असतो.

याचा उपयोग करून एक खरा आकडा तपासू. गाड्यांच्या इंधनखर्चाची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही प्रमुख संस्था आहे. २०१८ साली मारुती स्विफ्ट ही गाडी दोन्ही इंजिनांत मिळत होती आणि तिचे अधिकृत आकडे होते पेट्रोलवर लीटरला २२ किलोमीटर व डिझेलवर २८.४ किलोमीटर. फरक २९ टक्क्यांचा. त्यातले १२ टक्के लीटर या मापाने दिलेले आहेत. १.२९ ला १.१२ ने भागले तर सुमारे १.१५ येतात. म्हणजे इंजिनाचे स्वतःचे श्रेय १५ टक्के.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. एक लीटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो आणि एक लीटर डिझेल जळून सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरच्या आकड्यांवरून किलोमीटरमागे पेट्रोलचे १०५ ग्रॅम आणि डिझेलचे ९३ ग्रॅम येतात. पंपावर २९ टक्क्यांचा दिसणारा फायदा हवेत ११ टक्क्यांवर उतरतो.

पेट्रोलच्या बाजूने आणखी एक बदल झाला आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या एका लीटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूलच ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रणाची ऊर्जा ३० मेगाज्यूलच्या आसपास येते, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी.

आता आरे-वारेचा चढ. गाडी माणसांसह १२०० किलोची आहे आणि वाटेतले सगळे चढ मिळून उंची १०० मीटर आहे असे धरू. गाडी वर नेण्यासाठी १२०० × ९.८ × १००, म्हणजे सुमारे १२ लाख ज्यूल किंवा १.२ मेगाज्यूल काम करावे लागेल. डिझेलच्या ३६ मेगाज्यूलपैकी एक तृतीयांश, म्हणजे १२ मेगाज्यूल, चाकांच्या कामी आले, तर इंधन लागेल एक दशांश लीटर, म्हणजे १०० मिलिलीटर. शुद्ध पेट्रोलच्या ३२ मेगाज्यूलपैकी ३० टक्के कामी आले, तर १२५ मिलिलीटर. चहाचा एक कप डिझेल किंवा सव्वा कप पेट्रोल! उरलेली दोन तृतीयांश ऊर्जा कोठे गेली, हे इंजिनाच्या झाकणाला हात लावला की विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

दणकटपणाची कीर्ती कोठून आली?

सरांचे "डिझेल दणकट" हे मत निराधार नव्हते. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार नौका पाहा, एस.टी.च्या गाड्या पाहा. डिझेल इंजिनातला दाब सोसण्यासाठी त्याचे सगळे भाग जाड आणि मजबूत करावे लागतात. ते कमी फेऱ्यांवर चालते, म्हणून झीज सावकाश होते. शिवाय पेट्रोलची वाफ साध्या हवेच्या तापमानालाही ठिणगीने पेटते, डिझेलची सहसा पेटत नाही. नौकेच्या बंदिस्त पोटात हा गुण फार मोलाचा आहे.

पण कीर्तीचा मोठा भाग तुलनेतून आला होता. जुन्या पेट्रोल गाडीत कार्बोरेटर होता, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर होता, उघडझाप करणारे पॉइंट होते. कोकणातल्या पावसात यांपैकी काहीही ओलावले की गाडी रस्त्यात बसे. बॉनेट उघडून फडक्याने तारा पुसणारे चालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटेल. जुन्या डिझेल गाडीत ठिणगीच नसल्याने पाण्याची तिला तेवढी भीती नव्हती.

सन २००० च्या सुमारास चित्र बदलू लागले. पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर आणि पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने इंधन फवारण्याची पद्धत रुळली. पेट्रोल गाडीचे दुखणेकरी अवयवच काढून टाकले गेले. याच काळात डिझेल गाडीला मात्र नवे अवयव जोडले जात होते. तिच्यात टर्बोचार्जर आला, त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते. कॉमन रेल नावाची पद्धत आली, तिच्यात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो. या दाबाने इंधन सोडणाऱ्या फवारणीतले भाग एकमेकांत इतके नेमके बसवलेले असतात की त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांची असते. त्यांना वंगणही डिझेलचेच असते. त्यात पाण्याचे चार थेंब किंवा धूळ गेली, किंवा चुकून पेट्रोल भरले गेले, तर वंगण जाते आणि महागडे भाग निकामी होतात. पंपावर अशी चूक झाली तर गाडी सुरूच करू नये, टाकी रिकामी करून घ्यावी.

थोडक्यात, गेल्या पंचवीस वर्षांत पेट्रोल गाडी अधिक विश्वासू झाली आणि डिझेल गाडी अधिक नाजूक. जुनी कीर्ती मात्र तशीच राहिली.

काजळीची गाळणी

आमच्या फलकावरचा दिवा याच नव्या अवयवांपैकी एकाचा होता. डिझेलचा फवारा हवेत पूर्ण मिसळण्याआधीच पेटतो. थेंबाच्या आतल्या भागाला प्राणवायू अपुरा पडतो आणि काजळी तयार होते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडायच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची २५० वरून ८० वर. इंधनातील गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले.

ही मर्यादा पाळण्यासाठी धुराच्या नळीत काजळीची गाळणी बसवतात. ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. निम्म्या नळ्या एका टोकाला बंद आणि उरलेल्या दुसऱ्या टोकाला. धूर सच्छिद्र भिंतींतून पार होतो आणि काजळी आत अडकते. गाळणी भरली की काय करायचे? ती आतल्या आत जाळून टाकायची. त्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते. हळू चालणाऱ्या गाडीचा धूर इतका तापत नाही, म्हणून गाडीतला संगणक अधूनमधून जादा डिझेल फवारून धूर तापवतो. हे काम पुरे व्हायला गाडी दहा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते.

आता आमचे वागणे पाहा. घर ते प्रयोगशाळा अंतर चार किलोमीटर. इंजिन पुरते तापण्याआधीच आम्ही ते बंद करीत असू. संगणकाने गाळणी जाळायला घेतली की आम्ही पोचलेले असू. काम अर्धवट राही, काजळी साठत जाई. शिवाय जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिनाच्या तेलात उतरते आणि तेल पातळ होते. तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये.

त्या संध्याकाळी रत्नागिरीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि एका वाक्यात निदान केले, "साहेब, गाडी बिघडलेली नाही, तिला पळवलेली नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हातखंब्याला महामार्गावर आलो आणि तेथून खालच्या गिअरमध्ये, एका वेगाने गाडी चालवत राहिलो. पंचवीसएक मिनिटांनी दिवा विझला. तो तसाच दुर्लक्षित ठेवला असता, तर पुढे इंजिनाची ताकद आपोआप कमी झाली असती आणि गाळणी साफ करण्याचा किंवा बदलण्याचा मोठा खर्च पुढ्यात आला असता.

एस.टी.चे इंजिन सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेले असते, टॅक्सीचेही तसेच. डिझेल इंजिन कष्टाने खराब होत नाही, ते थोड्या-थोड्या कामाने खराब होते. थोड्या अंतराच्या फेऱ्या पेट्रोल इंजिनालाही मानवत नाहीत, त्याच्याही तेलात पाणी साठते. पण बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत अशी गाळणी नसते, म्हणून तिचे दुखणे लवकर चिघळत नाही.

वहीतला हिशेब

आता सरांच्या पैशांचा प्रश्न. २०२५ साली महाराष्ट्रात पेट्रोल १०४-१०५ रुपयांच्या आणि डिझेल ९१-९२ रुपयांच्या आसपास होते. सोयीसाठी आपण १०५ आणि ९२ धरू. रोजच्या वापरात पेट्रोल गाडी लीटरला १५ आणि तशीच डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असे मानू. किलोमीटरमागे खर्च पेट्रोलचा ७ रुपये आणि डिझेलचा ४ रुपये ६० पैसे. बचत २ रुपये ४० पैसे.

या बचतीचे दोन भाग पाडता येतात. डिझेलही १०५ रुपयांनाच मिळाले असते तर बचत १ रुपया ७५ पैसे झाली असती. म्हणजे १ रुपया ७५ पैसे इंजिन आणि इंधनाच्या गुणाचे, आणि ६५ पैसे भावातल्या फरकाचे. हा दुसरा भाग सरकारी धोरणानुसार बदलतो. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते आणि डिझेल ४१ च्या आसपास. पेट्रोलचे भाव २०१० सालीच नियंत्रणमुक्त झाले होते, डिझेलचे व्हायचे होते. त्या काळात डिझेल मोटारींवर उड्या पडल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि दरी आटली. २०२० चे निकष आले तेव्हा छोट्या गाडीत नवी यंत्रणा बसवणे परवडेना आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

आता दोन ग्राहक घेऊ. डिझेल गाडी १ लाख २० हजार रुपयांनी महाग आहे आणि तिच्या देखभालीला दर १०,००० किलोमीटरला ३,००० रुपये अधिक लागतात असे धरू. कमी चालली तरी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावेच लागते.

पहिले ग्राहक आपले सर. शाळेला जाऊन-येऊन १२ किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ३,००० किलोमीटर. सुट्टीतले आणखी ३,००० मिळून ६,०००. इंधनात बचत १४,४०० रुपये, त्यातून देखभालीचे ३,००० वजा केले की उरले ११,४००. या दराने १ लाख २० हजार भरून यायला साडेदहा वर्षे लागतील. तेवढेच पैसे सात टक्के व्याजाने बँकेत ठेवले तर वर्षाला ८,४०० रुपये मिळतात. म्हणजे खरा फायदा वर्षाला फक्त ३,००० रुपयांचा. एकदा गाळणी तुंबली की कित्येक वर्षांचा फायदा एका दिवसात जाईल.

दुसरा ग्राहक पर्यटकांना नेणारा टॅक्सीवाला. रोज १०० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३०,००० किलोमीटर. बचत ७२,००० रुपये, देखभाल ९,००० वजा जाता ६३,०००. जादा किंमत दोन वर्षांच्या आत वसूल. शिवाय त्याचे इंजिन दिवसभर तापलेले, म्हणून गाळणीचा त्रासही कमी.

एकच गाडी, एकच रस्ता, पण उत्तरे दोन. म्हणून "डिझेल चांगले की पेट्रोल?" हा प्रश्न अपुरा आहे. "रोज किती आणि सलग किती?" हे विचारले की तो पुरा होतो.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना ओळखीच्या एखाद्या वाहनाची महिनाभर नोंद ठेवायला सांगावे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहायचा आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लीटर बसले ते पाहायचे. भागाकार केला की खरा आकडा मिळतो. तो जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी निघतोच. का निघतो, यावर एक तास सहज रंगतो. नंतर आडव्या अक्षावर किलोमीटर आणि उभ्या अक्षावर एकूण खर्च घेऊन दोन्ही गाड्यांच्या रेषा काढाव्यात. पेट्रोलची रेषा खालून सुरू होते आणि चढी असते, डिझेलची वरून सुरू होते आणि उतार कमी असतो. त्या जेथे छेदतात, तो बिंदू म्हणजे गाडी घेणाऱ्याला हवे असलेले उत्तर. वरच्या उदाहरणात देखभालीचा खर्च किलोमीटरमागे ३० पैसे धरला, तर तो ५७,००० किलोमीटरच्या थोडा पुढे येतो.

आमच्या मित्रांनी हा आलेख दहावीच्या वर्गात फळ्यावर काढला आणि मग पेट्रोल गाडी नोंदवली. आमची डिझेल गाडी आमच्याकडेच आहे. आता प्रयोगशाळेत आम्ही सायकलने जातो आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी महामार्गावर नेऊन तिची गाळणी जाळून आणतो.